दसऱ्याआधी नाही

ऑगस्टमधल्या एका सकाळी निखिलचा फोन आला. ‘मावशी, आई गेली... हार्ट.’ हॉस्पिटलात दोन दिवस काढून शकूताई गेली होती. आणि दुपार होते न होते तोच वाळवंटातल्या या फिनिक्स शहरातल्या आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निकालही लागला: ‘बागेपायी गेल्या हो. एवढ्या उन्हात कशाला जायचं बाहेर?’ मी फोन सोफ्यावर आपटला. उन्हाळ्यात सकाळी आठनंतर जी बाई दाराबाहेर पाऊल टाकत नसे, तिला म्हणे उन्हानं नेलं!

शकूताई माझी शेजारीण, मूळची रत्नागिरीची, फुप्फुसांची डॉक्टर. रिटायर झाल्यावर दवाखान्यातला सगळा दरारा तिनं बागेत आणला. मी नागपूरची. उन्हाचं मला कोण काय सांगणार, अशा तोऱ्यात एका जूनमध्ये जास्वंद लावायला खड्डा खणत होते, तर ही कुंपणापलीकडून ओरडली, ‘अगं, आयसीयूतल्या पेशंटला कोणी हनिमूनला पाठवतं का? इथे उन्हाळ्यात झाडं लावायची नसतात, वाचवायची असतात. दसऱ्याआधी काही नाही!’ मी ऐकलं नाही. जास्वंद आठवड्यात वाळली. दसऱ्याला ती स्वतःच दुसरी घेऊन आली.

दसरा म्हणजे तिचा खरा पाडवा. ऊन उतरलेलं, माती अजून ऊबदार... इथल्या झाडांना मूळ धरायला तेच दिवस. आपट्याची पानं इथे कुठून मिळणार? म्हणून ती सोनं म्हणून कढीपत्त्याची रोपं वाटायची, वर्षभर कुंडीत वाढवलेली. उन्हाळाभर त्यांच्यावर जुन्या सुती साड्यांची सावली. आमच्या वसाहतीच्या असोसिएशननं त्यालाही हरकत घेतली. रंगीत कापड चालणार नाही, मातकट रंगाचंच हवं म्हणे. जन्मात कधी फिका रंग न नेसलेल्या या बाईनं पुण्याहून खास बदामी साड्या आणल्या आणि झाडांना नेसवल्या. जानेवारीच्या गारठ्यात त्याच साड्या पांघरूण व्हायच्या.

शोकसभेला हॉल भरला होता. दाराशी टेबलावर तिची रोपं मांडलेली, प्रत्येकाला सोनेरी रिबन. ऑगस्टही अजून सरला नव्हता.

‘निखिल, ही आत्ता नको रे वाटू. दसऱ्याला वाटू.’

‘मावशी, इट्स ओके. आता सगळे आलेत ना. आईला आवडलं असतं.’

नसतं आवडलं! पण आई गेलेल्या मुलाला असं कसं म्हणणार? मग मी त्या टेबलापाशीच उभी राहिले आणि रोप उचलणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिले, सावलीत ठेवा, जमिनीत लावू नका. लोकांनी माझ्या खांद्यावर थोपटलं. बिचारी फार खचलीय, असं त्यांना वाटलं असावं.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर फोटोंचा पूर आला. भर दुपारच्या उन्हात, तापलेल्या भिंतीशी, रिबनसकट लावलेली रोपं. ‘काकूंची आठवण’, खाली हात जोडलेले. आठवडाभरात सगळी करपली, रिबिनी तेवढ्या लखलखत राहिल्या. आणि मग काय? ‘काकूंच्या हाताला गुणच होता हो, आपल्याला कसं जमणार!’ हे वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. कसला हातगुण? ती थांबायची. बस्स, एवढंच करायची ती, आणि वर्षानुवर्षं तुम्हाला तेवढंच सांगत होती. तिच्या घरचा कढीपत्ता पिशव्या भरभरून नेलात, फोडणीत परतलात, भाषणांत तिला देवी केलंत. तिचं एक वाक्य मात्र कुणाच्या कानात शिरलं नाही. माणसाचं कौतुक करणं सोपं असतं हो, त्याचं ऐकणं जिवावर येतं.

माझ्या वाट्याचं रोप मी मागच्या ओट्यावर ठेवलं होतं, दोरीवर टाकलेल्या, तिनंच मला दिलेल्या बदामी साडीखाली. दसऱ्याला सकाळी उजाडताच खड्डा खणला, पाण्यानं भरला, पाणी जिरेपर्यंत बसून राहिले. खालची माती चुन्यासारखी घट्ट असते, पाणी तुंबलं तर मुळं कुजतात, हेही तिचंच सांगणं. निखिल आला होता. रोप त्यानंच खड्ड्यात ठेवलं. मातीही त्यानंच दाबली.

‘मावशी, माझ्याकडची सगळी मेली,’ तो म्हणाला. ‘शी टोल्ड मी अ हंड्रेड टाइम्स...’

इतके दिवस साठवलेला राग होता, पण त्याचा चेहरा बघून तो तोंडाशी येईना.

ओट्यावरची साडी त्यानं उचलली, नाकाशी नेली. ‘ही मी नेऊ? आय डोन्ट हॅव एनी ऑफ हर साडीज. सगळ्या डोनेट केल्या.’

‘नाही,’ मी म्हटलं. ‘जानेवारीत रोपाला लागेल. थंडी सरली की ये आणि घेऊन जा.’

‘अँड टिल देन?’

‘तोवर पाणी घालायला ये. आठच्या आत.’

रविवारी तो पावणेआठला आला. साडी ओट्याच्या दोरीवरच आहे. तिची घडी अजून मी केलेली नाही.