दुपारचं बटण

हे मी आजवर कुणापुढे बोललेली नाही. शेजारणीपुढे नाही, देवापुढेही नाही. आज लिहिते — चौथीपर्यंतच शिकले, जमेल तसं लिहिते.

लालबागच्या खोलीत आम्ही दोघीच — मी आणि माझी नात मनीषा. तिचे आईबाप लवकर गेले, मी वाढवली. शिकली, एका छोट्या कंपनीत लागली. तिथली माणसं प्रोग्राम लिहायची. लिहिलेलं जोडायचं, तपासायचं, चुकलं तर परत पाठवायचं — हे कुणीतरी रोज बसून करायचं. मनीषानं ते आपोआप होईल असं बसवायला घेतलं. एक जुना कम्प्युटर घरी आणून ठेवला. तो दिवसभर एकटाच राबायचा.

"आजी, हा माझा बदली कामगार," म्हणाली. "चहा नको, तंबाखू नको."

"आणि संपावर गेला म्हणजे?"

"ह्याला युनियन नाय गं!"

हसलो दोघी. मग म्हणाली — आठवडाभर न अडता चाललं, तर साहेब तिला बंगळूरला मोठ्या जागेवर पाठवणार.

माझं हसू तिथंच थांबलं. गिरणीच्या संपात माझा नवरा गावी गेला, तो परत आला नाही. पण हे कारण म्हणून सांगत नाही. किती जणींचे गेले — त्यांनी कुणाचं वाटोळं केलं का?

दुसऱ्या दुपारी ती ऑफिसात असताना मी त्या कम्प्युटरचं भिंतीवरचं बटण बंद केलं. भात शिजेपर्यंत. मग चालू केलं. असं पाच दिवस.

ती घरी यायची, तोंड उतरलेलं. "आजी, दुपारी लाईट गेलेली काय गं?"

"नाय गो."

गेली होती म्हटलं असतं, तर दोष विजेवर गेला असता. तेवढंही मी तिला दिलं नाही — का? साहेबानं आणखी आठवडा दिला असता, म्हणून.

तिनं वायर बदलली. आपलं सगळं लिहिलेलं पुन्हा पुन्हा तपासलं. चूक सापडेना — असती तर सापडली असती ना? शेवटी माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडली. मी तेल लावून दिलं.

बंगळूरला दुसरीच कुणीतरी गेली. मनीषानं नोकरीच सोडली. आता परळला एका दवाखान्यात केसपेपर काढते. परवा तिची त्या कंपनीतली जुनी मैत्रीण आली, म्हणाली, "ये की परत कामाला."

"नको गं," मनीषा म्हणाली. "त्याला डोकं लागतं. आपल्यात नाय ते."

मी समोरच मेथी निवडत होते. निवडत राहिले.