राखणदाराचं गाऱ्हाणं ग्रुपवर टाकलं तेव्हा

आमच्या वाड्याचा, म्हणजे गावातल्या आमच्या वस्तीचा, ग्रुप मी काढला. इथे गोव्यातल्या सर्वण गावात राहणारे थोडे, बाहेर गेलेले जास्त, म्हटलं निदान फोनवर तरी सगळे एका ठिकाणी येतील. बायको गेल्यापासून घरात बोलायला कोणी नाही, मुलगा मस्कतला, तेव्हा ह्यात माझाही स्वार्थ होताच. तो मी लपवत नाही. मला माणसांचे आवाज हवे होते. नुसते माझ्याशी बोललेले नव्हेत. पूर्वी संध्याकाळी आमच्या सोप्यावर बसलं की शेजारच्या अंगणातली भांडणं, हसणं, कोणी कोणाला हाक मारलेली, सगळं ऐकू यायचं. आपण त्यात नसलो तरी चालायचं. तसं काहीतरी.

पण ग्रुप म्हणजे मुक्यांचा बाजार निघाला. सकाळी फुलांची चित्रं यायची, सणाला दिव्यांची. मी विचारायचो, "आज डिचोलीच्या बाजारात बांगडे बरे आलेत, तुमच्याकडे काय?" उत्तरादाखल एक अंगठा. शाळेच्या गॅदरिंगचा जुना फोटो टाकला आणि ओळखा पाहू म्हटलं, तर लाल बदाम आले. अरे, फोटोत तुम्हीच आहात ना? एकमेकांना ओळखा की! नाही. जो तो मला अंगठा दाखवून आपल्या कामाला लागायचा. मी चिडून दोनदा लिहिलं की हा ग्रुप आहे, देवळातली घंटा नव्हे, येता-जाता वाजवून जायला. त्यावरही अंगठेच आले.

मग राखणदाराला रोट द्यायचा दिवस आला. वाड्याच्या वेशीवर जांभ्याचा एक दगड आहे, तो आमचा राखणदार. वर्षातून एकदा त्याला जाडजूड रोट, नारळ आणि विडी ठेवतात आणि सगळ्या वाड्याच्या वतीने गाऱ्हाणं घालतात. वडिलांनंतर गाऱ्हाणं घालण्याचा मान माझ्याकडे आला. एकाने मोठ्याने मागणं मागायचं, प्रत्येक मागण्याच्या शेवटी "म्हाराजा" म्हणायचं आणि जमलेल्यांनी एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणून त्याला दुजोरा द्यायचा. लहानपणी आम्ही ह्या दुजोऱ्यासाठी घसा फोडायचो. यंदा दगडापाशी मी, पुजारी आणि कंबर धरून उभी असलेली एक म्हातारी काकी, एवढेच. पुजाऱ्याला पुढच्या वाड्यावर जायची घाई. "व्हय" म्हणायला माणसंच नाहीत तर गाऱ्हाणं घालायचं कुणासमोर?

तेव्हा मला सुचलं. फोन तोंडापाशी धरला, रेकॉर्डिंग सुरू केलं आणि वडील घालायचे तसं खड्या आवाजात सुरू केलं.

"बा राखणदारा, आज ह्या वाड्यावयलीं भुरगीं पोटापायीं दूर गेल्यांत, जंय आसतीत थंय तांची राखण कर, म्हाराजा! कोणाच्या वाटेर काटो येयत जाल्यार तो कुशीक कर, म्हाराजा!"

काकी बारीक आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणत होती. शेतीचं मागितलं, गुरांचं मागितलं, आजाऱ्यांचं मागितलं. आणि मग, काही न ठरवता, माझ्या तोंडून निघालं, "आनी हांव हांगा एकटोच जेवतां, एकटोच न्हिदतां, दीस सरना. ह्या जिवाचेंय कितें तरी बरें कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," काकी म्हणाली. तिला कमी ऐकू येतं.

स्वतःसाठी काही मागायचं नसतं तिथे, गाऱ्हाणं वाड्याचं असतं. पुसून पुन्हा म्हणावं असं क्षणभर वाटलं. पण खरं सांगतो, मला ते पुसायचं नव्हतं. कोणीतरी ऐकावं असं फार वाटत होतं. तिथूनच ग्रुपवर पाठवून दिलं.

घरी पोचेपर्यंत खिशात फोन थरथरतच होता. "व्हय म्हाराजा." "व्हय म्हाराजा." "व्हय म्हाराजा" आणि हात जोडलेले. दुबईतून, पुण्यातून, पर्वरीच्या फ्लॅटमधून. ज्यांनी आजवर अंगठाही दिला नव्हता, त्यांनीसुद्धा लिहिलं. कोणी आवाजात पाठवलं, मागे गाड्यांचा हॉर्न आणि वर खणखणीत "व्हय म्हाराजा!" मला भरून आलं. मुलाचंही आलं, सगळ्यांच्या आधी. व्हय म्हाराजा.

भाताला कुकर लावता लावता मी त्याच्या फोनची वाट पाहत होतो. मग हळूहळू उलगडलं. गाऱ्हाणं कोणी ऐकतं थोडंच? "म्हाराजा" आलं की "व्हय" म्हणायचं. मी तरी लहानपणी काय करत होतो? डोळे रोटावर आणि तोंडाने व्हय. वडिलांनी काय काय मागितलं असेल, मला एक शब्द आठवत नाही.

माझ्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत गडहिंग्लजकडचं एक जोडपं भाड्याने राहतं. नवरा औद्योगिक वसाहतीत कामाला. पाणी कधी येणार, वीज कधी जाणार हे कळावं म्हणून बाईला मी ग्रुपवर घेतलं होतं. तिने कधी काही लिहिलं नव्हतं. जेवायला बसलो आणि सगळ्या "व्हय"च्या खाली तिचा मजकूर आला.

"काका, तुम्ही खरंच रोज एकटंच जेवताय? करमत नाही का तुम्हाला?"

ग्रुपवरचं सगळं थांबलं. एकही हात जोडलेला आला नाही. मला जाणवलं की आता सगळे ते रेकॉर्डिंग पुन्हा लावून ऐकताहेत. मुलगासुद्धा. ग्रुप काढल्यापासून कोणी कोणाला विचारलेला हा पहिला प्रश्न होता, आणि तो मला होता. ह्याचीच तर मी वाट पाहत होतो. "हो" एवढं लिहायचं होतं.

मला लाज वाटली. एवढ्या लोकांत रडून दाखवलं, अशी लाज. मी लिहिलं, "नाही गं बाई. गाऱ्हाण्यात असं म्हणायची पद्धतच असते आमच्याकडे."

आणि धरण फुटलं. आधी हसणारे चेहरे आले. मग जो तो तिला समजावू लागला की वहिनी, गाऱ्हाणं म्हणजे असं असतं, राखणदार म्हणजे तसा. एकाने सांगितलं की त्याच्या आज्याने गाऱ्हाण्यात चुलत्याची तक्रार घातली होती. दुसरा म्हणाला, तो चुलता म्हणजे माझाच बापूय! तिसरीने विचारलं, तू अजून पर्वरीलाच आहेस का रे? कोणी फोटो टाकले, कोणी ते ओळखले. सबंध दुपार ते एकमेकांशी बोलत राहिले, भांडले, एकमेकांना टोपणनावांनी हाका मारल्या. माझा मुलगा तर सुटलाच होता. दुबईतल्या मित्राला जेवलास का म्हणून विचारत होता, "जेवलो मरे तूं?"

मी वाचत बसलो. सगळं तसंच होतं, मला हवं होतं तसं.

संध्याकाळी गडहिंग्लजच्या बाईचा मजकूर आला, ग्रुपवर नव्हे, एकट्या मला. "बरं झालं काका सांगितलं. मला वाईट वाटलं होतं. मी ह्यांना म्हटलं पण, आजपासून काकांना आपल्यातच जेवायला बोलवू या. आता काही काळजी नाही."

मी लिहिलं, "नाही, काही काळजी नाही."