कोंबडीसाठी जागा

आमच्या आरोग्य केंद्राच्या आवारात एका कंपनीने सीएसआरमधून खोली बांधून दिली, डोंगरातल्या पाड्यांवरच्या गरोदर बायांसाठी. दिवस भरत आले की इथे येऊन राहायचं, म्हणजे कळा सुरू झाल्यावर झोळीतून घाट उतरायला नको. चकचकीत फरशी, नव्या गाद्या, पंखे. मी तिथली नर्स, आणि सगळ्यांत जास्त मीच हुरळले होते.

खोली रिकामीच राहिली. शेवटी काठी गावाकडची एक बाई यायला तयार झाली. तिचं पहिलं मूल वाटेतच गेलं होतं, म्हणून मी तिचा पिच्छाच पुरवला होता. ती आली ती काखेत टोपली घेऊन, आणि टोपलीत कोंबडी. नवरा ऊसतोडीला गुजरातेत गेलेला, घरी दुसरं कुणी नाही, मग कोंबडी सोडायची कुणाच्या भरवशावर? पण भिंतीवर पाटी होती, प्राणी आणू नयेत. वॉचमनने पाटी दाखवली आणि बाई मुकाट्याने माघारी फिरली.

हे कळलं तेव्हा माझं डोकंच फिरलं. कंपनीच्या मॅडम नेमक्या पाहणीला आल्या होत्या. त्यांना म्हटलं, "खोली फोटोसाठी बांधली असेल तर छानच आहे." त्या मला घेऊन थेट गाडीत बसल्या. बाई घाटाच्या पायथ्याशी जीपची वाट बघत बसलेली सापडली. कोंबडीला जागा मिळेल असा शब्द घेतल्याशिवाय ती हलेना. परत येताना टोपली मॅडमच्या मांडीवर होती.

तिला धडधाकट मुलगी झाली. मी रडले, लाजायचं काय त्यात. पुढे मॅडमनी ओसरी काढून दिली, तिथे चूल आणि एक खुराडं. मग बाया येऊ लागल्या.

ते बघून जिल्हा परिषदेने स्वतःच्या योजनेतून अशा खोल्या बांधायचं ठरवलं, नकाशा आमचाच घेतला. नकाशातलं खुराडं खटकून तिथल्या साहेबांचा फोन आला, "सिस्टर, आठे खुराडं कसाले?"

"कोंबडी बाहेर ऱ्हायनी ते बाई बी येस नही, साहेब."

ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मंग."

परवा शेजारच्या केंद्रातल्या नव्या खोलीवर गेले होते. दार लोटलेलं होतं. खुराड्यात तीन कोंबड्या दिसल्या, आणि आत तीन बाया सुखरूप आहेत हे मला बाहेरच कळलं.