नसेच्या कडेची लाल रेघ

सकाळी वहिनीचा फोन आला. "वन्सं, चहा पिऊन खुर्चीत टेकले हुते... हाक मारली, तर ओ न्हाई." माझा थोरला भाऊ, आण्णा, असा गेला. अंथरुणाला खिळला नाही, कुणाकडून सेवा करून घेतली नाही. आता काही आठवडे उलटलेत, रडू ओसरलंय, आणि आठवतो तो शिवाजी पेठेतून मोठमोठ्यानं बोलत जाणारा हसरा आण्णा.

तरुणपणी तो पेठेतल्या फुटबॉल संघाचा गोलकीपर होता. पुढं शिरोलीच्या कारखान्यात लेथवर जन्म काढला, पण सुटीला मैदान चुकवलं नाही. निवृत्तीनंतर नव्या खेळाडूंना गोल अडवायला शिकवताना एकदा डावीकडून आलेला साधा चेंडू त्याच्या कानशिलावर आदळला. सगळे हसले, तोही हसला. पुन्हा तसंच झालं, तेव्हा मात्र वहिनीनं त्याला डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडं नेलं. डोळ्यातला दाब मोजला, तो ठीक निघाला. आण्णा उठायलाच लागला होता. पण बाईंनी आतला फोटो काढून पडद्यावर दाखवला. मेंदूकडं जाणारी नस फिकट चकतीसारखी दिसत होती आणि तिच्या कडेला रक्ताची एक बारीक लाल रेघ. "हा काचबिंदू आहे," बाई म्हणाल्या. "दाब ठीक दिसला तरी तुमच्या नसेला तेवढाही सोसत नाही. ही रेघ काही आठवड्यांत जिरेल, आजार जिरणार नाही. डाव्या बाजूची गेलेली नजर परत येत नाही, उरलेली राखू या."

"रक्त आलं आन् दुखलं कसं न्हाई ओ?" एवढंच आण्णानं विचारलं. घरी आल्यावर मोटरसायकलची किल्ली आपणहून पोराच्या हातात ठेवली आणि मला आजऱ्याला फोन लावला. "सुमे, उद्या सकाळची एसटी धर. डोळं तपासायचं हाईत."

"मला लख्ख दिसतंय, आण्णा."

"मलाबी लख्खच दिसत हुतं की! सख्ख्या भावाबहिणीत हे असतंय म्हणं. तू येतीस, का मी न्यायला येऊ?"

मी कुरकुरत गेले. माझ्या उजव्या डोळ्यात तशीच रेघ निघाली. दवाखान्याच्या बाकावर मला रडू फुटलं. आण्णा शेजारी बसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "अगं, येळंला घावलं की! रडतीस काय, उसाचा रस पिऊया चल." त्यानंतर आम्ही दोघांनी डोळ्यांत घालायचे थेंब कधी चुकवले नाहीत. त्याची उरलेली नजर शेवटपर्यंत टिकली. गोलच्या मागं उभा राहून तो शिकवत राहिला, ओरडत राहिला. माझी तर अजून सुईत दोरा ओवण्याइतकी शाबूत आहे.

दिवसकार्य झाल्यावर वहिनी आणि मी भाजी आणायला निघालो. रस्त्यावर येताच ती माझ्या डाव्या अंगाला आली, कोपराला धरलं आणि रिक्षा जाईपर्यंत मला थांबवून ठेवलं.

"वहिनी, मला ह्या बाजूनं दिसतंय," मी म्हटलं.

"व्हय की..." ती ओशाळून हसली. "ह्यांच्या संगं चालून सवय लागली."

हात मात्र तिनं काढला नाही. मीही कोपर तसंच राहू दिलं, आणि आम्ही मंडईपर्यंत तशाच गेलो.