मंजूषेवरचे फडके

"अच्युतरावांना आपले देव तेवढे देव. परक्यांची श्रद्धा त्यांच्या लेखी डाग होती. चर्चमध्ये भाविकांनी टेकवलेले ओठ ते फडक्याने पुसत राहिले... विटाळ पुसावा तसे." माझा मित्र अच्युत जाऊन महिना झाला. श्रूजबरीतील शोकसभेत त्याच्या मेहुण्याने, मधूने, हे सांगितले आणि लोकांनी माना डोलावल्या. मी उठणार होतो. अच्युतच्या मुलीने, मीराने, माझा हात दाबून धरला. म्हणून आज लिहितो.

पुसले, हे खरे. मी तिथे होतो. मधू तेव्हा हजारो मैल दूर, सांता क्लाराला होता. अच्युत एका संग्रहालयात जुन्या धातुवस्तूंची निगा राखी. त्यांत मध्ययुगातील एक चांदीची मंजूषा होती, सोन्याचा मुलामा दिलेली. स्फटिकाच्या झरोक्यातून आत एका संताच्या बोटाचे हाड दिसे. २००४ साली संग्रहालयाने ती सणापुरती शेजारच्या वुस्टर गावातील एका चर्चला दिली, तेव्हा तिच्यासोबत अच्युत गेला आणि गाडी चालवायला मी. रांगेतला प्रत्येक जण झुकून स्फटिकाला ओठ टेकवी. अच्युत निळ्या काठाच्या शुभ्र फडक्याने ती जागा टिपून घेई.

"पुजारी झालास की रे!" मी डिवचले.

"पुजारी कसला, नाना? ओठांना ओल असते, मीठ असतं. कडेचा मुलामा उतरतो."

व्हीलचेअरवरची एक म्हातारी पोचू शकेना, तेव्हा मंजूषा दोन्ही हातांनी तिच्या ओठांपर्यंत खाली नेणाराही तोच. मधूच्या भाषणात ही म्हातारी नाही.

परतताना मी म्हणालो, "टाक ते फडकं. गावभरचं उष्टं!" आंघोळीवाचून मला देवघराकडे फिरकू न देणारा हा गृहस्थ... त्याने ते घडी घालून कोटाच्या खिशात ठेवले आणि विषय बदलला.

शोकसभेनंतर गाडीत मीराने विचारले, "नानाकाका, इज इट ट्रू? मग टॉमलाही बाबा... तसंच समजायचे?" टॉम तिचा नवरा, त्याच चर्चमध्ये वाढलेला. माझ्यापाशी मते पुष्कळ होती, पुरावा नव्हता.

तो गेल्या रविवारी मिळाला. अच्युतचे देवघर मीराच्या घरी हलवायचे होते. आंघोळ करून मी एकेक मूर्ती उचलून तिच्या हाती देत होतो. बाळकृष्ण उचलला आणि थांबलो. मधूने स्वतः येऊन पाहावे: त्याच्याखाली आसन म्हणून तेच निळ्या काठाचे फडके अंथरलेले आहे, न धुतलेले, लिपस्टिकच्या डागांसकट.