न्हाणीतला स्टूल

माझे यजमान कराडात सुतारकाम करायचे. दारं, कपाटं, देव्हारे. एका लाकडात खाच पाडायची, दुसऱ्याचं टोक तासून त्यात ठोकून बसवायचं, हा त्यांचा सांधा. कुठं स्क्रूचं डोकं दिसलं तर त्यांना लाज वाटायची. मग अर्धांगाचा झटका आला. उजवा हात मांडीवर ठेवला की तिथंच पडून राहायचा. जीभही जड झाली.

मिरजेच्या दवाखान्यातून घरी आणल्यावर मी त्यांना न्हाणीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवून आंघोळ घालायची. एका सकाळी खुर्चीचा पाय सरकला आणि ते भिंतीला घासत खाली आले. मला एकटीला उचलवेना. शेजारच्या पुरुषांना हाक मारली. त्यांनी तसंच ओल्या अंगानं उचलून कॉटवर नेलं. त्यानंतर ते भिंतीकडं तोंड करून पडले, जेवायलाही वळेनात.

बसका, रुंद स्टूल हवा होता. दुसऱ्या सुताराचं नाव काढलं तर त्यांनी डोळे मिटून घेतले. तेव्हा मला माळ्यावरचा साचा आठवला. लेकानं तो पुण्याहून आणला होता. लाकडाला तो आवळून ड्रिल चालवलं की तिरकं भोक पडतं, आणि त्यातून गेलेला स्क्रू शेजारच्या लाकडात शिरून दोन्ही धरून ठेवतो. "हे सुतारकाम न्हाई," म्हणून यांनी तो कधी वापरलाच नव्हता.

मोबाईलवर बघून मी मागच्या शेडमध्ये सुरुवात केली. पहिलं भोक लाकडाच्या आरपार गेलं. ड्रिलच्या बिटावर खोली ठरवणारं कडं असतं, ते मी घट्ट केलंच नव्हतं. पुढचं भोक जमलं, पण स्क्रू पिळताना स्टुलाचा पाय सरकला, सांध्यात फट पडली आणि सागाची पट्टी चिरली. मी तिथंच खाली बसले आणि रडले.

चिरलेले तुकडे घेऊन त्यांच्यापुढं गेले. "आवं, हे असं का व्हतंय?"

कितीतरी वेळ ते बघतच नव्हते. मग डावा हात पुढं आला. बोटं फटीवरनं फिरली.

"आवळ," ते म्हणाले. जरा थांबून, "आदी आवळ. मग पीळ."

मी शेडमधून स्क्रू आणून दाखवले. जाड आट्याचे त्यांनी बाजूला सारले. साग कठीण, त्याला बारीक आट्याचा स्क्रू पाहिजे. "जोर नगं," एवढंच बोलून ते दमले.

मग मी आधी टाकाऊ तुकड्यांवर हात बसवला. गोंद लावायचा, दोन्ही तुकडे समपातळीत क्लॅम्पनं आवळायचे, स्क्रू शेवटी हातानं पिळायचा आणि टेकला की थांबायचं. पाण्यात गंजू नयेत म्हणून स्टीलचे स्क्रू आणले. भोकं सगळी खालच्या अंगाला ठेवली. स्टूल उभा राहिला तेव्हा मी त्यावर चढून नाचून बघितलं, आणि मला एकटीलाच हसू आलं.

ते बसायला तयार नव्हते. बळंच बसवलं. त्यांनी डाव्या हातानं खालून चाचपलं, बोटाला भोक लागलं. मला वाटलं, आता चिडतील. ते नुसते बसून राहिले आणि मी डोक्यावर पाणी ओतत राहिले. त्या पाण्यात ते रडत होते की काय, मी विचारलं नाही.

पावसाळ्यात दुसरा झटका आला. मग आंघोळ कॉटवरच, ओल्या फडक्यानं. स्टूल त्यांच्या उशाशी आणून ठेवला. बघायला येणारं माणूस त्यावर बसायचं. एकदा त्यांच्या जुन्या गिऱ्हाइकानं तो ठोकून बघितला. "काम लय पक्कं हाय. तुमच्याच हातचं ना?"

त्यांनी मान हलवली. "न्हाई. हिचं."

त्यात कौतुक होतं की आपल्या हाताचं दुःख, मला आजही सांगता येत नाही. त्यांना विचारायला हवं होतं. दिवाळीच्या आधीच ते गेले.