सतरा जणांनी पाहिलेला फोटो

त्या रविवारी सकाळी अख्तरबानूंनी चहाचा कप दोनदा तोंडाला लावला आणि दोनदा तसाच खाली ठेवला. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यापासून, म्हणजे सहा वर्षं, त्या कसबा पेठेत शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत चालणाऱ्या एका संस्थेत जात होत्या. देश सोडून पुण्यात आलेल्या अफगाण कुटुंबांना ही संस्था मदत करायची. व्हिसाचे कागद, दवाखाना, शाळेतले प्रवेश. आज सहा नवे स्वयंसेवक येणार होते आणि स्वागताचं बोलायचं होतं अख्तरबानूंनी.

गेल्या वर्षीही त्याच बोलल्या होत्या. गोड बोलल्या, सावधगिरीबद्दल एक अक्षरही काढलं नाही. पंधरा दिवसांत एका उत्साही स्वयंसेवकाने गुलालाई नावाच्या बाईचा वाढदिवसाचा फोटो इंटरनेटवर टाकला. आठवड्याभरात अफगाणिस्तानात, हेरातमध्ये, तिच्या भावाच्या दारात ती ज्यांच्या भीतीने पळून आली होती ती माणसं आली. बहीण कुठे असते, एवढंच विचारून गेली. गुलालाईने घर बदललं. संस्थेत ती परत आली नाही.

"आधी सगळ्यांचे फोन टोपलीत ठेवायला सांगते," त्या संस्थेचे प्रमुख श्यामसुंदर यांना म्हणाल्या.

"अहो, आपण स्वागत करतोय. झडती नाही घेत."

अकरा वाजता मंडळी सतरंजीवर बसली. अख्तरबानूंनी नाव न घेता गुलालाईची हकिगत सांगितली. बोलणं संपलं तशी लोणी काळभोरहून आलेली शालू उठून उभी राहिली.

"मॅडम, मी येता येताच स्टेटस टाकलंय. जिन्याचा फोटो हाय. पायरीवर एक बाई बसल्यात."

ती झरमिना होती, संस्थेत मदतीसाठी येणारी गरोदर अफगाण बाई. ओढणी सरकलेली, अर्धा चेहरा स्पष्ट. शालूने पाहणाऱ्यांची नावं घाईघाईने वहीत उतरवली आणि फोटो काढून टाकला. सतरा नावं होती.

"झरमिनाला सांगून कशाला घाबरवायचं?" श्यामसुंदर हळूच म्हणाले. "राहू द्या."

अख्तरबानूंनाही मनातून तेच हवं होतं. पण गुलालाईला त्या फोटोचं भावाकडून कळलं होतं, संस्थेकडून नव्हे. त्या शालूला घेऊन शेजारच्या खोलीत झरमिनाकडे गेल्या.

झरमिनाने सगळं ऐकून घेतलं. मग मोडक्या हिंदीत तिने विचारलं, हे सतरा जण कोण? शालूने एकेक नाव वाचलं. आत्या. कॉलेजातल्या मैत्रिणी. ट्रॅक्टर चालवणारा चुलतभाऊ. यांनी फोटो पुढे कोणाला पाठवला का, झरमिनाने विचारलं.

"विचारते," शालू म्हणाली आणि तिथेच बसून तिने एकेकाला फोन लावला. दोन तास गेले. आत्या चिडली, त्यात एवढं काय म्हणाली. कोणी पाठवला नव्हता. निदान सगळे तसं म्हणाले.

"मला विचारलं असतंस, तर मी तोंड फिरवलं असतं," एवढं बोलून झरमिना घरी गेली.

पुढे दोन महिने अख्तरबानू तिला रोज फोन करून माहेरची खुशाली विचारत होत्या. वाईट बातमी आली नाही. सहांपैकी दोघं पुन्हा फिरकले नाहीत. शालू मात्र दर रविवारी बसने येत राहिली. झरमिनाचे दिवस भरले, तेव्हा दवाखान्यात सोबतीला कोण, असं विचारल्यावर तिने शालूचं नाव सांगितलं. मुलगी झाली. अख्तरबानू बाहेर बाकावर बसून होत्या, आणि बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत ना, असं त्यांनी नर्सला तीनदा विचारलं.